अख्खी निघालेली गाठ

१४ डिसेंबर १९५८, रविवार. श्रीवर्धन.

आज सकाळी न्हाणीत डाव्या मांडीवरच्या व्रणाखाली बोटाला कण लागला आणि माझं सगळं तिथंच फिरलं. लिहून ठेवतो, कारण पुढे मी म्हणेन की मुंबईला कळलं, डॉक्टरने सांगितलं. तसं नाही. साडेसातला, निम्मं अंग भिजलेलं असताना कळलं.

तांदळाच्या दाण्याएवढा. व्रणाच्या वरच्या टोकाशी. दाबला तर दुखत नाही, सरकतही नाही. पहिली गाठ सुरुवातीला सरकायची तरी.

कोणाला बोललो नाही. आईने घावने केले होते. चार खाल्ले.

१५ डिसें.

आहेच. झोपेत जाईल असं का वाटलं होतं कोण जाणे.

पहिल्या गाठीचं या वहीत काहीच नाही. तेव्हा वही फक्त कुमुदची होती. पानंच्या पानं कु. खिडकीत होती, कु. खिडकीत नव्हती. आता जरा शहाण्यासारखं लिहितो.

गेल्या हिवाळ्यात इंटर सायन्सला होतो. वडिलांच्या, म्हणजे भाऊंच्या पत्रात शेवटी एक ओळ आली : शेजारचे नाना लेकीसाठी, कुमुदसाठी, स्थळं बघतायत. त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला डेमॉन्स्ट्रेटर म्हणाला, आकडे शेजाऱ्याचे उतरवलेत. मी जर्नल त्याच्यासमोर फाडलं, होल्डॉल बांधला, घरी आलो. लोकांना सांगतो, अपमान झाला. वडिलांनाही तेच सांगितलं. अपमान झाला नसता तरी दुसरं काहीतरी फाडलं असतं.

भाऊंनी सुपारीच्या वाडीत कामाला घातलं. झाडावरून सुपारी पाडणाऱ्या गंगाराम पाडेल्याबरोबर पोफळींवर चढायला लागलो. खाली न उतरता झोका घेऊन एका झाडावरून दुसऱ्यावर जायचं. नानांच्या दगडी गडग्याला लागून ज्या पोफळी आहेत तिथं मी कामापेक्षा जास्त झोके घेतले. एकदा मांडी खोडावर आपटली. महिन्याने आत गाठ लागली. सगळे म्हणाले, झाडाचा मार आहे, पाडेल्यांना असतातच. गंगारामला दोन आहेत, वीस वर्षं. शेकलं, तेल चोळलं, लेप लावले. आवळ्याएवढी होती ती ऑगस्टपर्यंत मोसंब्याएवढी झाली.

१६ डिसें.

पुढचं.

अप्पा डॉक्टर म्हणाले होते, मुंबईला जा. मीच अडून बसलो. दसऱ्याच्या आत नानांकडे बोलणं घालायचं होतं. लंगडत जाऊन मुलगी मागायची? भर दवाखान्यात म्हणालो, "तुम्ही काढा, नाहीतर मी गंगारामच्या कोयत्याने काढतो." शेवटी काढली त्यांनी. बोट फिरवून कडेकडेने सोलत. अख्खी निघाली. स्पिरिटच्या बरणीत घालून भाऊंच्या हातात दिली. अप्पा खूष, भाऊ खूष.

आमच्या आळीत अख्खी निघाली म्हणजे काही विचारायला नको. सोलताना पातं लागलेली सुपारी वेगळ्या ढिगात जाते. सालीतून गुळगुळीत सुटून आली तीच पहिली प्रत. आणि प्रत लावावी तर नानांनी. भाऊसुद्धा आपला माल व्यापाऱ्याच्या आधी त्यांना दाखवतात.

दसऱ्याला बोलणं घातलं तर नाना म्हणाले, आधी बरणी बघू. आमच्या ओटीवर उजेडात धरून फिरवली, चष्मा कपाळावर घेतला. "कुठं चीर नाही. अख्खी सुटलीय. आत काही राहिलेलं नाही, भाऊ." आणि त्याच बैठकीत हो म्हणाले. दिवाळीनंतर साखरपुडा झाला. वैशाखात लग्न.

कु. मला मिळाली ती बरणीमुळे.

१७ डिसें.

अप्पा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कणावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग हात धुतले. धुतच राहिले. "वसंता, आता तरी ऐक माझं. आणि बरणी बरोबर ने," म्हणाले. चिठ्ठी दिली. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण माझं कोयत्याचं वाक्य आम्हा दोघांनाही आठवत होतं.

भाऊंना खळ्यात सांगितलं. म्हणाले, व्रणाची गाठ असेल, वैशाखानंतर बघू. मी भरलेल्या टोपलीला लाथ घातली. सुपाऱ्या खळंभर. सोलणाऱ्या बायकांच्या पायांपर्यंत गेल्या. मग सकू, त्यांच्यातली थोरली, म्हणाली, "नवरदेव, पाय चांगला चालतोय की. आता वेचा."

वेचल्या. ओणवं होताना मांडीत ओढ लागली.

२० डिसें.

निघताना कु. गडग्यापलीकडे. साखरपुड्यापासून चारचौघांत 'अहो', एकटी असली की पूर्वीसारखं 'तू'. "मुंबईला कशाला? पुन्हा जर्नल फाडायला?" मी म्हणालो, कापड बघायला. म्हणाली, तुला कापडातलं काय कळतं, मामींना घेऊन जा.

दिघीहून बोट. बरणी धोतरात गुंडाळून मांडीवर घेतली होती. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, लोणचं का? हो म्हणालो.

२२ डिसें. मुंबई, मामांकडे.

इस्पितळात सकाळी आठपासून. डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे. हळू बोलणाऱ्यांचा मला राग येतो.

प्रश्नच प्रश्न. पहिल्यांदा कधी लागली. केवढी होती. किती महिन्यांत केवढी झाली. कातडीला लागून होती की खोल, स्नायूच्या आत. वय. काढल्यावर किती दिवसांनी परत. धाप लागते का. जांघेत बोटं घालून पाहिलं. आपटल्याचं मी आपणहून सांगितलं. म्हणाले, आपटल्याने होत नाही, आपटल्याने तिकडे लक्ष जातं. सात महिने शेकलं ते सांगितलं. ते नुसतं लिहून घेतलं.

मग बरणी. खिडकीशी नेऊन फिरवली, अगदी नानांसारखी.

"कोणी काढली?"

माझं डोकं फिरलं. "चांगली काढलीय. अख्खी आहे, बघा की."

"अख्खी आहे हीच तर अडचण आहे," म्हणाले.

समजलं तसं लिहितो. गाठ वाढताना आजूबाजूचं मांस दाबत जाते. त्या दाबलेल्या मांसाचा पापुद्रा होतो आणि तो सालीसारखा दिसतो. रोग त्या पापुद्र्यातही असतो, त्याच्या बाहेरही बारीक पसरलेला असतो. पापुद्र्याच्या कडेने सोललं की गाठ गुळगुळीत बाहेर येते आणि रोग जागच्या जागी राहतो. चांगलं मांस सगळ्या बाजूंनी बरोबर घेऊन काढायची असते. तेव्हा ती अख्खी दिसतच नाही, मांसाचा ओबडधोबड गोळा दिसतो.

मी म्हणालो, आमच्याकडे सुपारी अशीच सोलतात.

"सुपारीला साल असते. हिला नसते."

मग म्हणाले, तुमच्या डॉक्टरांना दोष देऊ नका, पुष्कळ ठिकाणी असंच होतं. मी विचारलं, मांसासकट काढली असती तर आली नसती? म्हणाले, तरी आली असती कदाचित. पण शक्यता कमी होती. पहिली संधी सगळ्यात चांगली असते.

ती पहिली संधी मी दसऱ्याच्या आत बसवली होती.

छातीची प्लेट काढली. बरणीतल्या गाठीचा तुकडा तपासायला घेतला. शनिवारी या.

२४ डिसें.

मामी खरंच कापड बघायला घेऊन गेल्या. जांभळं पसंत केलं. कु. ला जांभळं आवडत नाही हे दुकानातून बाहेर आल्यावर आठवलं.

२७ डिसें.

निकाल. डॉक्टरांनी दोन्ही हातांवर मोजून सांगितलं.

उजव्या हातावर बरं ते. छाती स्वच्छ. जांघेत काही नाही. पायात आहे, पोटात नाही. पायात हात घालता येतो. कण लहान असतानाच आलात. वय.

डाव्या हातावर बाकीचं. पहिली मोठी होती. खोल होती. सोलून काढलेली. चार महिन्यांत परत. आणि सूक्ष्मदर्शकात पेशी घाईच्या दिसतायत, भराभर दुणावणाऱ्या.

विचारलं, अशांतले किती जगतात.

"पुष्कळ जगतात. पुष्कळ नाही. तुम्ही कुठल्यांत ते मला आज सांगता येत नाही. जो छातीठोक सांगेल त्याच्याकडे जाऊ नका."

मला राग यायला हवा होता. आला नाही.

करायचं ते असं : जुना व्रण, कण आणि तो सगळा स्नायू एकत्र काढायचा. मग पाच आठवडे क्ष-किरण. थोडा लंगडेन. पण आत मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेलं निघालं तर पाय वरपासून काढावा लागेल, आणि ते टेबलावरच कळेल. म्हणून भूल देण्याआधी कागदावर सही. माझी आणि घरच्या एकाची. १६ जानेवारीला दाखल व्हायचं.

त्यानंतर दोन वर्षं दर तीन महिन्यांनी मांडी आणि छातीची प्लेट. परत यायची असली तर बहुतेक वेळा त्या दोन वर्षांतच येते, मांडीत नाहीतर फुफ्फुसात. पुढेही येऊ शकते, पण धास्ती कमी.

म्हणालो, वैशाखात लग्न आहे.

"मुलीला माहीत आहे?"

"हो," म्हणालो.

३१ डिसें. श्रीवर्धन.

भाऊंना सगळं सांगितलं, दोन्ही हात. आई आत गेली. भाऊ बराच वेळ अडकित्ता उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगू. वैशाखात लग्न. पुढचं पुढे.

मी म्हणालो, नानांना फसवायचं?

"फसवणूक कसली? त्यांनी स्वतः बघून प्रत लावलीय. प्रत लावून उचललेला माल कोणी परत आणत नाही."

हे धंद्यात खरं आहे. नानांनीच आळीला घालून दिलेली रीत.

२ जाने. १९५९

भाऊंचं म्हणणं मला पटलं. कालही पटलं होतं. लाज वाटते, पण वहीत खोटं कशाला. वैशाखात ती या घरात येईल, मग काय व्हायचं ते होवो, ती इथं असेल. एवढंच दिसत होतं मला. दोन हातांवर मोजलेलं सगळं मागे पडलं.

४ जाने.

कु. गडग्याशी. तुमची माडीवरची खिडकी लहान आहे, मी आले की मोठी करून घेणार, म्हणाली. समुद्राकडची. मी हसत होतो. मधेच म्हणाली, "सारखा मांडीला हात का जातो तुझा?"

डास, म्हणालो.

"एकाच जागी चावतो?"

कण आता वाटाण्याएवढा.

८ जाने.

आज केलं. ठरवून नाही. माझ्या हातून ठरवून काही होत नाही.

नानांच्या खळ्यावरून जात होतो. त्यांनी हाक मारली, बसवलं, मुहूर्ताचं बोलायला लागले. दोन आहेत, तुझ्या सोयीचा कुठला? समोर सुपारीचा ढीग, बोटं आपोआप निवडतायत. मी उठलो, घरी गेलो, बरणी आणली, त्यांच्यासमोर ठेवली.

"नाना, ही पुन्हा बघा."

इस्पितळात तुकडा काढलेला, म्हणून एका बाजूने कापलेली दिसते. आत पांढुरकी, माशासारखी. मी सगळं सांगितलं. साल नव्हे पापुद्रा, कण, पाय, दोन वर्षं. भाऊंचा हर्नियाही सांगून टाकला. ते नको होतं.

त्यांची बोटं थांबली. बरणी हातात घेतली नाही.

"म्हणजे मी चुकलो," म्हणाले. जरा वेळाने, "मालात माझी प्रत चुकलेली नाही कधी."

मी म्हणालो, हा माल नव्हता, नाना. हे चढ्या आवाजात म्हणालो. तेही नको होतं.

"दोन वर्षं म्हणालास?"

"हो."

"ती तेवीस पुरी होईल." मग, "तू आता जा, वसंता."

ना हो, ना नकार. बरणी उचलून परत आणली.

९ जाने.

भाऊ बोलत नाहीत. आई दोन्हीकडे बोलते. कु. ची खिडकी बंद.

११ जाने.

बंद. एक भाषण तयार केलंय. मी तुला मोकळं करतो, तुझं आयुष्य माझ्यापायी, वगैरे. आरशासमोर म्हणून पाहिलं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग वाटलं, हा गाढव कोणाला दाखवतोय.

१२ जाने.

गंगारामला पायाचं सांगितलं. झाडावरून उतरला, कमरेची कोयती काढून बाजूला ठेवली. "गेला तर बसून प्रत लाव. नानांचा तरी कुठं पाय लागतो कामाला?" मग माझ्याकडे न बघता, "माझ्या दोन गाठी हायत, त्या दाखवू काय रं तुज्या डाक्तरला?"

म्हणालो, दाखव. वीस वर्षं तेवढ्याच आहेत म्हणजे बहुतेक काही नसेल, पण दाखव.

"बहुतेक," तो म्हणाला. त्याला तो शब्द आवडला नाही. मलाही नाही.

१३ जाने.

कु. आली. भर दुपारी, आमच्या खळ्यात, सगळ्या सोलणाऱ्या बायकांसमोर. मी टोपली उचलत होतो.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

मी भाषण सुरू केलं. कुमुद, मी तुला...

"नानांना आधी सांगितलंस. लग्न नानांशी करायचं होतं काय?"

सकूने तोंडाला पदर लावला. हसायला की कशाला, कळलं नाही.

म्हणालो, होकार त्यांनी दिला होता म्हणून.

"होकार त्यांनी दिला. गडग्याशी सहा महिने उभं कोण राहिलं होतं? आणि मला काय सांगितलंस, डास."

टोपली खाली ठेवली.

मग तिने नीट विचारायला सुरुवात केली. डॉक्टरांसारखीच, एकेक. केवढी. कुठवर. चिकटलीय का. काढल्यावर आली नाही तर काय, आली तर काय. मी दोन्ही हातांवरचं सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. भाऊ खळ्याच्या कडेला येऊन थांबले होते, त्यांनीही ऐकलं. दर तीन महिन्यांनी म्हणजे आठ वेळा, ती म्हणाली. हो, आठ वेळा.

"कुठं आहे?"

तिने स्वतःच्या मांडीवर, लुगड्यावरून, बोट टेकवलं. "इथं?"

"जरा वर."

बोट वर सरकलं. बायका आपापल्या सुपाऱ्यांकडे बघत होत्या.

म्हणालो, तू मोकळी आहेस. एवढंच उरलं होतं भाषणातलं.

"मोकळं करणारा तू कोण? मी अजून ठरवलं नाही. नाना म्हणतायत मोडा, आई म्हणते थांबा. मला विचार करायला पाच दिवस मिळालेत, तुला महिना मिळाला होता. माझ्या वतीने तू काही ठरवू नकोस."

गेली. सकू म्हणाली, "प्वार खमकी हाय." संध्याकाळपर्यंत सोलण्याचा आवाज तेवढा.

१४ जाने. संक्रांत.

नानांकडून तिळगूळ आला, दरवर्षी येतो तसा. कु. च्या आईने आणला. निरोप काही नाही. भाऊंनी एक उचलला, मला दिला. आठवड्यात पहिल्यांदा बोलले : "घे."

कागदावर माझी सही केली. खालची ओळ घरच्या माणसाची. कागद भाऊंच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवला.

१५ जाने., गुरुवार. सकाळ.

कागद तिथंच होता. सही नाही. भाऊ कोट घालून ओटीवर बसलेत, बरोबर येतायत. "सहीचं बोटीत बघू," म्हणाले. बोटीत विषय निघाला तर मी भांडणार नाही असं आईला कबूल केलंय.

कण सकाळी चाचपला नाही. आहे हे माहीत आहे.

कु. ची खिडकी उघडी आहे. आत कोणी नाही. परकर वाळत घातलाय, म्हणजे घरात आहे. जाऊन विचारावं असं दहादा वाटलं. गडग्यापर्यंत गेलोही. परवा तिच्या विचाराला पाच दिवस झाले होते, आज सातवा. माझ्या जुन्या हिशेबाने आता ओरडून विचारायला हरकत नव्हती. परत आलो.

बरणी इतके दिवस कपाटात मागे होती. ओटीवरच्या फळीवर ठेवली, कापलेली बाजू बाहेर. आई म्हणाली, लोक बघतील. बघू देत. अख्खी बाजू सगळ्यांनी बघून झालीय.

ही वही टेबलावर ठेवतोय. सुरुवातीची पानं मूर्खासारखी आहेत, तरी फाडलेली नाहीत. या खोलीची चावी जाताना गडग्यात ठेवतो, तिसऱ्या दगडामागे. पूर्वी कु. साठी चिठ्ठ्या ठेवायचो तिथं. कोणाला वाचायची असेल तर वाचावी, नसेल तर राहू दे. डाव्या हातावरचं आणि उजव्या हातावरचं दोन्ही आहे.

आळीच्या तोंडाशी गाडी आली, हॉर्न वाजतोय. भाऊ उठले. दोन पायांवर निघतोय, हे नोंदवून ठेवतो. बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.